घरात चार मांजरे, एक लठ्ठ होत चाललेले आणि एक रोड: खाण्याची व्यवस्था कशी लावावी?

अमळनेरकर वहिनी

नमस्कार. आमच्या घरी चार मांजरे आहेत आणि चौघांचे खाणे आजवर एकाच परातीत होत आले आहे. सकाळी परातीत कोरडे खाद्य ओतायचे, दुपारी परात रिकामी दिसली की पुन्हा भरायची, आणि संध्याकाळी धार काढून दूध घरात आले की सासूबाई त्यात पोळी कुस्करून चौघांपुढे ठेवतात, असा क्रम आहे. घर जुने, धाब्याचे आहे. भिंती जाड, मधले घर मोठे आणि मागे परसदार असल्यामुळे जागेची अडचण नाही. अडचण वजनांची आहे.

गब्बू हा पाच वर्षांचा बोका नसबंदी झाल्यापासून वाढतच गेला असून आता तो 6.4 किलो भरतो. वरून पाहिले तर त्याची कंबर कुठे आहे ते कळत नाही आणि बरगड्या दाबल्याशिवाय हाताला लागत नाहीत. सोनी बारा वर्षांची आहे; दिवाळीत ती 3.7 किलो होती, आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) 2.9 किलो भरली. पाठीवरून हात फिरवला की तिचे मणके एकेक करून बोटांना लागतात. मनी चार वर्षांची, 3.9 किलोची, अंगाने ठीक आहे, पण ती भराभर गिळते आणि पुष्कळदा न चावलेले दाणे जसेच्या तसे ओकून टाकते. चौथी चिंगी, सात महिन्यांची, 2.4 किलो.

गब्बूचे खाणे कमी करावे तर परात सर्वांची आहे, आणि सोनीसाठी जास्त घालावे तर ते गब्बूच्या पोटात जाते. सोनीचे वय झाले म्हणून ती उतरली, असे शेजारी सांगतात. गब्बूला एकादशीसारखा आठवड्यातून एक दिवस कडक उपास घडवावा, असे सासूबाईंचे मत आहे. हे योग्य होईल का? आमच्या घरात मांस-मासे शिजत नाहीत, पाकिटातले खाद्य मात्र चालते. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

रावेरचा केळीवाला

वहिनी, सर्वप्रथम ती परात उचलून फडताळात ठेवा. परात भरलेली असते तोवर कोणी किती खाल्ले हे घरातील कोणालाच सांगता येत नाही, आणि ते कळल्याखेरीज कोणाचे कमी करायचे नि कोणाचे वाढवायचे याचा हिशेब बसणार नाही. आमच्या शेतातल्या घरी पाच मांजरे आहेत. तिथे प्रत्येकाची वाटी वेगळी, जागा वेगळी आणि वेळ ठरलेली आहे. सकाळी सहाला एकदा आणि रात्री आठला एकदा असे वाढायचे, वीस मिनिटे थांबायचे आणि उरलेले उचलून टाकायचे. पहिले काही दिवस ती ओरडतात, पायांत घोटाळतात. पुढे वेळ अंगवळणी पडते आणि ती आपापल्या जागेवर जाऊन बसू लागतात.

वाट्या शेजारी शेजारी मांडू नका. मांजर हे एकट्याने शिकार करून एकट्याने खाणारे जनावर आहे; चौघे एका ओळीत शांतपणे खाताना दिसले तरी त्यांच्यात सलोखा असेलच असे नाही. गब्बू कोणावर गुरगुरत नसेल, पण तो दाराच्या उंबऱ्यावर आडवा पडून नुसता बघत राहिला तरी म्हातारी मांजर तिथून पाऊल पुढे टाकत नाही. तुमची मनी न चावता गिळते आणि ओकते, ते मला तरी ह्याच दडपणाचे लक्षण वाटते. एकाची वाटी दुसऱ्याला दिसणार नाही अशा जागा शोधा. धाब्याच्या घरात भिंतीत कोनाडे असतात. त्यातला उंचावरचा एखादा कोनाडा मनीला द्या, कारण गब्बूला आता तेवढी उडी झेपणार नाही. सोनीला मात्र उंच जागा देऊ नका, बारा वर्षांच्या मांजराचे सांधे दुखत असतात. तिच्यासाठी एक खोली ठरवा आणि ती खाईपर्यंत कडी लावा.

चिंगीसाठी आमच्याकडचा एक उपाय सांगतो. केळी भरण्याचे प्लास्टिकचे क्रेट आमच्या भागात घरोघरी पडलेले असतात. असा एक क्रेट पालथा घालून त्याच्या अरुंद बाजूला, पिल्लाचे अंग जेमतेम आत जाईल एवढे भोक हॅकसॉने कापायचे, कडा कानशीने घासून गुळगुळीत करायच्या आणि वर दोन विटा ठेवायच्या, म्हणजे क्रेट सरकत नाही. वाटी आत ठेवताना ती भोकाजवळ ठेवू नये आणि कडेलाही ठेवू नये, कारण लठ्ठ बोका मान आत घालतो किंवा जाळीतून पंजा घालून दाणे ओढतो. वाटी आत, बरोबर मधोमध हवी. पहिल्या दिवशी जवळ बसून पाहावे, कारण गब्बू हट्टाने घुसला तर अडकण्याची भीती असते. चिंगी मोठी झाली की हे भोक तिला पुरणार नाही, पण तोवर तिचे पिल्लाचे खाद्यही संपलेले असेल.

मुंग्यांसाठी वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवावी, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

धुळ्याचा पशुवैद्य

रावेरच्या भाऊंनी मांडणीविषयी जे लिहिले आहे ते बहुतेक सर्व मला मान्य आहे. परंतु ह्या प्रश्नात तातडीची गोष्ट गब्बूची नाही, सोनीची आहे, आणि तिचा प्रश्न केवळ वाटी वेगळी करून सुटेल असे मी गृहीत धरणार नाही. दिवाळीपासून आखाजीपर्यंत तिने 800 ग्रॅम गमावले आहेत, म्हणजे स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा आणि वर थोडे. साठ किलोचा माणूस सहा महिन्यांत विनाकारण सत्तेचाळीस किलोवर आला तर आपण त्याच्या वयाला दोष देऊन गप्प बसणार नाही. तसेच इथेही बसू नये. म्हातारपण हा आजार नाही, पण म्हातारपणात येणारे काही ठरावीक आजार मांजराचे वजन उतरवतात.

घरी तीन-चार गोष्टींचे निरीक्षण करा. ती पाणी जास्त पिते का आणि मातीच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे पडतात का, हे पाहा. तसे असेल तर मूत्रपिंड किंवा मधुमेह यांचा संशय घ्यावा लागतो. भूक वाढलेली, तरी अंग उतरत चाललेले, आणि स्वभावात अस्वस्थपणा असेल तर थायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असण्याची शक्यता असते. वाटीजवळ जाते, वास घेते, एक-दोन दाणे तोंडात घेऊन खाली टाकते किंवा मान तिरकी करून एकाच बाजूने चावते, असे दिसले तर दात आणि हिरड्या तपासाव्या लागतील. जंतांचे औषध शेवटचे केव्हा दिले तेही आठवून ठेवा. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक), साखर आणि थायरॉइड ह्या तीनही गोष्टी करून घ्या, लघवीची तपासणी त्यास जोडा. थायरॉइडचा नमुना पुष्कळदा बाहेरगावी पाठवावा लागतो, म्हणून अहवालाला वेळ लागेल हे धरून चला. तपासणी होईपर्यंत सोनीला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाऊ द्या. वीस मिनिटांनी वाटी उचलण्याचा नियम तिला लावू नये.

आता गब्बू. त्याला उपास मुळीच घडवू नका. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण मांजराचे शरीर उपासाला माणसासारखे सामोरे जात नाही. लठ्ठ मांजराचे खाणे एकाएकी थांबले की अंगातील चरबी झपाट्याने यकृताकडे येते, यकृताला ती नीट वापरता येत नाही आणि ती तिथेच साठत जाते. दोन-तीन दिवस न खाल्लेला लठ्ठ बोका अशा रीतीने कावीळ होऊन दगावू शकतो. ह्याच कारणास्तव, नवीन व्यवस्थेत तो रुसून चोवीस तासांहून अधिक काळ काहीच खात नसेल तर वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

त्याचे मोजमाप असे काढता येईल. त्याच्या हाडापेराला 5 किलो वजन शोभेल असे मानू. 5 किलोच्या मांजराला निव्वळ विश्रांतीत दिवसाला सुमारे 234 कॅलरी लागतात. वजन उतरवायचे असेल तर त्याच्या 80 टक्के, म्हणजे 187 कॅलरींच्या आसपास देतात. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये साधारणपणे 350 ते 400 कॅलरी असतात. म्हणजे गब्बूचा दिवसभराचा वाटा 50 ग्रॅमच्या जवळपास येतो. तुमच्या पाकिटावरचा आकडा वाचून तो पक्का करा आणि मोजताना वाटी किंवा चमचा न वापरता स्वयंपाकघरातील डिजिटल काटा वापरा, कारण वाटीच्या मापात दहा-पंधरा ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात आणि 50 ग्रॅममध्ये ते फार मोठे असते. आजचे खाणे उद्या एकदम निम्मे करू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू त्या आकड्यावर या. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे त्याच्या बाबतीत 30 ते 60 ग्रॅम उतरले तर उत्तम. 5 किलोवर यायला त्याला सहा महिने तरी लागतील, आणि ते लागू द्यावेत.

लठ्ठ, नसबंदी झालेल्या आणि फक्त कोरडे खाणाऱ्या बोक्याच्या बाबतीत आणखी एक सूचना करणे माझे कर्तव्य आहे. तो ट्रेमध्ये वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर ते बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसू नका. मूत्रमार्ग बंद झाल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

अमळनेरकर वहिनी

डॉक्टरसाहेब आणि रावेरचे भाऊ, दोघांचे मनापासून आभार. सोनीची तपासणी ह्याच आठवड्यात करवून घेते. सांगितल्याप्रमाणे तिच्याकडे जवळ बसून पाहिले. ती दाणा उजव्या बाजूला घेते, थांबते, डोके झटकते आणि दाणा खाली पाडते. मग गब्बू येतो आणि तो पडलेला दाणा उचलतो. परातीजवळ ती इतका वेळ बसलेली असायची की ती पोटभर खाते असेच घरातील सर्वांना वाटत होते.

परात उचलली आहे. आता दोन गोष्टी उरतात. सासूबाईंनी दूध-पोळी बंद करावी हे मला त्यांना सांगवत नाही. त्या संध्याकाळी चौघांना हाका मारतात तो त्यांच्या दिवसातील आनंदाचा वेळ असतो. शिवाय सध्या ऊन इतके आहे की दुपारी कोणतेच मांजर वाटीकडे फिरकत नाही आणि गब्बू रात्री दोन वाजता दारावर पंजे मारतो. ह्यावर काही मार्ग आहे का?

जळगावकर

वहिनी, दुधाबद्दल मी लिहिते, कारण आमच्याही घरी वडीलधारी माणसे आणि मांजरे एकत्र नांदतात.

मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि त्यामुळे पोट सैल होते, हा एक भाग झाला. परंतु गब्बूच्या बाबतीत त्याहून मोठा मुद्दा कॅलरींचा आहे. म्हशीच्या 100 मिलीलिटर दुधात सुमारे 100 कॅलरी असतात, म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या त्याच्या दिवसाच्या वाट्यातला निम्म्याहून अधिक भाग एका वाटीभर दुधात संपतो, आणि पोळी अजून मोजलेलीच नाही. तुम्ही काट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजून घातले आणि संध्याकाळी ही वाटी चालू राहिली तर त्याचे वजन हलणार नाही.

सासूबाईंना मनाई करण्याऐवजी गब्बूचे खाणेच त्यांच्या हाती सोपवा, असे मी सुचवेन. सकाळी त्याचे 50 ग्रॅम मोजून एका झाकणाच्या डब्यात काढायचे आणि तो डबा सासूबाईंच्या स्वाधीन करायचा. डब्यातले किती, केव्हा, किती वेळा द्यायचे ते त्यांनी ठरवावे. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे खाणे संपले. आमच्या सासूबाई तर आता दुसऱ्या कोणाला बोक्याला दाणा टाकू देत नाहीत. संध्याकाळची हाकही राहते आणि हातून घास देण्याचे समाधानही राहते. डब्यातला शेवटचा घास त्या रात्री झोपण्यापूर्वी देतील असे पाहा, म्हणजे दोन वाजताचे पंजे पुष्कळसे थांबतील. तो पंजे मारत असताना उठून मात्र कोणी खायला घालू नये, एवढे घरात सर्वांनी पाळावे लागते.

उन्हाळ्याचे म्हणाल तर आपल्याकडे पारा 45 अंशांच्या वर जातो त्या दिवसांत जनावरांची दुपारची भूक जातेच. पहाटे ऊन चढण्यापूर्वी आणि रात्री घर निवल्यावर असे मुख्य खाणे ठेवा. पाण्यासाठी मातीची पसरट परळे घ्या आणि ती खाण्याच्या वाटीपासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवा. कोरड्या खाद्यात दहा टक्क्यांच्या आसपासच पाणी असते, तर पाऊचमधल्या ओल्या खाद्यात पाऊणशे टक्क्यांहून अधिक असते. म्हणून चौघांना परवडत नसले तरी सोनी आणि गब्बू यांच्यासाठी तरी थोडे पाऊच आणावे. गब्बूला पाऊच दिल्यास तेवढ्या कॅलरींचे कोरडे त्याच्या डब्यातून कमी करायला विसरू नका. उन्हाळ्यात ओले खाद्य वाटीत अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नये, लगेच वास येतो.

शाकाहारी घराविषयी एक सांगते. पाकीटबंद खाद्य चालते हे फार बरे आहे, कारण वरण-भात, दूध-भाकरी किंवा पनीर यांवर मांजर जगवता येत नाही. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला खाण्यातूनच मिळावे लागते, ते प्राणिज पदार्थांत असते, आणि ते दीर्घकाळ कमी पडले तर हृदय कमकुवत होते व दृष्टी जाते. अंड्यातही ते फारसे नसते. कुत्र्याचे खाद्य स्वस्त मिळते म्हणून त्यात मिसळू नये. त्यात मांजरापुरते टॉरिन असेलच असे नाही. आणि घरात भरीत, शेवभाजी झाली की त्याचा रस्सा पोळीला लावून मांजराला देण्याची सवय असेल तर ती मोडा. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्यानेही त्यांचा हा दोष जात नाही.

मायक्रोचिप (मांजराच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) ओळखून झाकण उघडणारी वाटी मिळते, तिची चौकशी मी केली होती. ज्याची चिप किंवा गळ्यातला टॅग असेल त्यालाच ती उघडते. ती महाग आहे, आणि धीट बोका शेजारून तोंड घालतोच. तुमच्याकडे दारे, कड्या आणि कोनाडे आहेत तोवर तिची गरज वाटत नाही.

अमळनेरकर वहिनी

सोनीचे अहवाल आले. साखर आणि थायरॉइड ठीक आहेत. उजव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा खराब झाल्या आहेत, हिरडी सुजलेली आहे, आणि क्रिएटिनिन थोडे वाढलेले आहे. इथल्या डॉक्टरांनी दाढा काढाव्या लागतील असे सांगून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे खाद्य सुरू करायला सांगितले आहे. ते खाद्य चुकून इतरांनी खाल्ले तर चालेल का? आणि ती काट्यावर उभी राहत नाही, तिचे वजन घरी कसे घ्यावे?

धुळ्याचा पशुवैद्य

दाढा काढण्यास उशीर करू नका. भूल देण्यापूर्वी शिरेतून सलाईन द्यावे आणि क्रिएटिनिन वाढलेले असल्याची नोंद भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावी. दुखणे थांबले की पुष्कळ मांजरे दोन-चार दिवसांतच नीट खाऊ लागतात. तोवर खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या, कोमट केल्याने वासही सुटतो.

मूत्रपिंडाच्या खाद्यात फॉस्फरस कमी आणि प्रथिने बेताची असतात. गब्बू किंवा मनीने एखाद वेळी चार दाणे खाल्ले तर बिघडत नाही. चिंगीने मात्र ते रोज खाता कामा नये, कारण वाढीच्या वयात तिला ह्याच दोन गोष्टी भरपूर लागतात. एक वर्षाची होईपर्यंत तिला पिल्लांचे खाद्यच द्या. उलट बाजूने, चिंगीचे खाद्य गब्बूला लागले तर ते त्याला फार जड पडेल, म्हणून भाऊंचा क्रेट जरूर करा. तिची नसबंदी अजून झाली नसेल तर आता करवून घ्या, आणि त्यानंतर तिची भूक वाढेल व गरज कमी होईल हे ध्यानात ठेवून तिचाही वाटा मोजायला लागा. गब्बूचे वाढलेले वजन तिथूनच सुरू झाले होते. सोनीला नवे खाद्य एकदम देऊ नका. जुन्यात थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत बदला, आणि तिने तोंड लावले नाही तर हट्ट न धरता जुने द्या. तिच्या बाबतीत योग्य तेच खाण्यापेक्षा काहीतरी खाणे अधिक महत्त्वाचे आहे.

वजनासाठी बाजाराची वेताची टोपली घ्या, तिच्यात तिची नेहमीची गोधडी घाला आणि सोनीला तिच्यात बसवून टोपली सामान तोलण्याच्या लटकत्या डिजिटल काट्याला अडकवा. नंतर रिकाम्या टोपलीचे आणि गोधडीचे वजन वजा करा. माणसाच्या काट्यावर कडेवर घेऊन केलेले वजन तिच्यासाठी उपयोगाचे नाही, त्यात 100 ग्रॅम सहज चुकतात. सोनीचे वजन दर आठवड्याला, इतरांचे पंधरा दिवसांनी, सकाळी खाण्यापूर्वी घ्यावे आणि एकाच वहीत चौघांचे रकाने आखून लिहावे. गब्बू सलग दोन वेळा अजिबात उतरला नाही तर वाटा 5 ग्रॅमने कमी करा. आठवड्याला 120 ग्रॅमहून अधिक उतरला तर वाढवा आणि मला कळवा. सोनी दाढा काढल्यानंतर तीन आठवड्यांत 3 किलोच्या वर गेली नाही, तर क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्यावे लागेल.